मोहरीएवढा फरक

न्याय मागायला माणसं पायी जात आणि न्यायाधीश चटईवर बसून निकाल देत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ती कान देऊन ऐकावी. मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये, एवढीच विनंती.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक ओतारीण राहायची. गुरांच्या गळ्यात बांधायच्या काशाच्या घंटा ओतणं हा तिचा धंदा. भट्टी एक, भाता एक आणि कामाला माणूस म्हणाल तर तीही एकच.

तिची काम करायची रीत मात्र बघण्यासारखी होती. आधी मेणाची घंटा करायची. तिच्यावर चिखलाचा लेप चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत तापलेलं कासं ओतायचं. मेणाची घंटा करताना ती एक मोहरी मोठी ठेवायची. आजीनं शिकवलं होतं, "पोरी, कासं निवताना अंग चोरतं. तेवढी वाढ त्याला आधीच दे." घंटा तयार झाली की ओतारीण आपल्या हातातलं आजीचं पितळी कडं काढून वरून घंटेवर सोडायची. कडं घसरत खाली येऊन तोंडाच्या काठावर बरोबर अडकलं, की माप जमलं. मग गुराख्याला समोर बसवायचं आणि त्याच्या कानाला पटेल तोवर घंटा आतून खरवडायची. त्यामुळे बाहेरून सगळ्या घंटा सारख्या दिसत, पण प्रत्येक कळपाचा नाद वेगळा असे. धुकं कितीही दाट असो, गुराखी आवाजावरून आपली गुरं ओळखायचे.

शेवटी घंटेवर एका देठाला दोन पानं, अशी जोडपानाची खूण उमटायची. ती खूण बघितली की लोक दुसरं काही विचारत नसत.

त्याच राज्याच्या राजधानीत एक अवाढव्य पेढी होती. सात मजल्यांच्या इमारतीत होती म्हणून तिला सातखणी पेढी म्हणत. दोर, दिवे, कापड, कुलपं, सगळं तीच बनवायची. मूल जन्मलं की पाळणा तिच्याकडचा आणि म्हातारा गेला की मडकं तिच्याकडचं. एवढं असूनही गाईच्या गळ्यात आपलं काही नाही, ही खंत पेढीच्या मुख्य कारभाऱ्याला गोड झोप लागू देत नव्हती.

मग एका वर्षी पेढीनं गावोगाव दवंडी पिटली. जुनी घंटा द्या, नवी चकचकीत घंटा घ्या. नवीवर जोडपानाची खूण होतीच. लोकांना वाटलं, ओतारणीनंच पेढीशी संधान बांधलं असेल. हां हां म्हणता जुन्या घंटा गाड्या भरभरून राजधानीला गेल्या आणि तिथल्या भट्टीत वितळल्या. ओतारणीकडे येणारी माणसं कमी होत गेली. चार वर्षं तिनं तेही सोसलं. पाचव्या वर्षी मात्र एका सकाळी म्हातारा गवळी तिच्या दारात आला आणि त्यानं एक घंटा तिच्या पायाशी टाकली.

"आक्का, तुझ्या घंटेनं माझी मोरी गाय घालवली," तो म्हणाला.

"काय झालं, दादा?"

"धुकं पडलं हुतं. शंभर गुरं, शंभर घंटा, आन् समद्या एकाच गळ्यानं वाजत्यात. माझी कुठली न् दुसऱ्याची कुठली, कसं कळावं? मी भलत्याच आवाजामागं गेलो. मोरी कड्याखाली घावली, तिसऱ्या दिवशी."

ओतारणीनं घंटा उचलली, हलवली. कानाला तो आवाज उपरा वाटला.

"ही माझी नव्हं, दादा."

"मग ह्यावरचं जोडपान कुणाचं?"

म्हातारा डोळे पुसत निघून गेला आणि ओतारीण उंबऱ्यावर बसून राहिली. धंदा बुडाला याचं दुःख तिनं गिळलं होतं. पण आपल्या खुणेवर विश्वास ठेवून कुणाची गाय कड्याखाली जावी, हे तिच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी ती राजधानीची वाट चालू लागली. सातखणी पेढीवर दावा लावायला एक एकटी बाई निघाली आहे, ही बातमी तिच्या आधी वेशीवर पोचली होती.

आता त्या राज्यातला एक जुना कायदा सांगायला हवा. दावा लावणाऱ्यानं आपल्या धंद्याचा जीव न्यायासनासमोर आणून ठेवायचा. सुतारानं वाकस, कोष्ट्यानं धोटा. दावा खोटा ठरला तर ती वस्तू तिथंच मोडायची आणि त्या माणसानं पुन्हा तो धंदा करायचा नाही. ज्याच्यावर दावा असेल त्यालाही हाच नियम. ओताऱ्याच्या धंद्याचा जीव म्हणजे त्याच्या भट्टीतला विस्तव. ओतारणीच्या भट्टीतला विस्तव आजीच्या काळापासून एकदाही विझला नव्हता. तोच तिनं मडक्यात निखारे घालून आणला. सोबत टोपलीभर कोळसा आणायची मुभा होती, त्याहून जास्त नाही. निकालाआधी विस्तव विझला तर दावा बाद.

कुठल्याशा भल्या राजानं हा नियम केला होता तो खटले लवकर संपावेत म्हणून. वकिलांनी तो खटले लांबवायला कसा वापरायचा, हे शोधून काढलं. या बाबतीत वकिलांची हुशारी वाखाणण्यासारखी असते.

पहिल्या दिवशी न्यायसभेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. न्यायाधीश वयानं सत्तरीपार होते. नजर घारीसारखी, पण ऐकू जरा कमी यायचं. समोर एका बाजूला ओतारीण, तिचं मडकं, टोपली आणि गावाकडून आणलेली तिची एकुलती एक घंटा. दुसऱ्या बाजूला पेढीचा मुख्य कारभारी आणि त्याचे नऊ वकील. पेढीनं आपल्या मालावर छाप उमटवायची सोन्याची मोहोर समोर ठेवली, ती सुद्धा मखमली उशीवर. ती मोहोर मोडली तर पेढीचा एकही माल विकला जाणार नव्हता, पण कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याची काळजी दिसत नव्हती.

"बाई, तुमचं म्हणणं काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सरकार, ह्यांनी माझी घंटा उचलली, माझी खूण उचलली. त्यांची घंटा माझ्या नावानं खोटी वाजते आणि गुरं मरतात. माझी खूण मला परत पाहिजे. दुसरं काही नको."

थोरला वकील उठला. आवाज तुपात घोळलेला.

"महाराज, आमच्या पेढीला या ताईंबद्दल आदरच आहे. पण जोडपानाची घंटा मुळात आमची. गेली पाच वर्षं आम्ही ती बनवतो." त्यानं मांडीएवढ्या उंचीच्या चौरंगावर ओळीनं पाच घंटा मांडल्या. "प्रत्येक वर्षाची एक. आत वर्षाचा आकडा आहे, बघून घ्यावा. आता ताईंनी आपल्या घंटेवरचा आकडा दाखवावा."

ओतारणीच्या घंटेवर आकडा नव्हता. घंटेवर वर्ष कोरावं, हे तिच्या घराण्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"म्हणजे ही घंटा कालसुद्धा ओतलेली असू शकते," वकील हसून म्हणाला. "आमची बघून."

"अहो, मग जुन्या घंटा आणवा ना," ओतारीण म्हणाली. "माझ्या आजीच्या हातच्या, गुरांच्या गळ्यातल्या."

"अवश्य आणवा."

पण आणणार कुठून? एकूण एक घंटा पेढीनं बदलून घेतली होती. म्हातारा गवळी गर्दीत उभा होता. दावा लागल्याचं ऐकून तो मागोमाग आला होता आणि एवढ्या दिवसांत त्याला आपली चूक उमगली होती. तो पुढे सरसावला. "सरकार, दोन्ही घंटा वाजवून बघा. आंधळ्याला बी फरक कळंल." त्यानं एक वाजवली, मग दुसरी वाजवली.

न्यायाधीशांनी कानामागे हात धरला. "दुसरी कधी वाजवणार?"

सभेत खसखस पिकली. वकिलानंही छातीवर हात ठेवून सांगितलं की त्याच्या कानाला दोन्ही सारख्याच लागल्या. ओतारणीचा चेहरा उतरला. जन्मभर जो नाद तिनं घडवला, तो इथं पुरावाच नव्हता.

त्यानंतर वकिलांनी बोलायला सुरुवात केली, ती थांबायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी एका वकिलानं घंटा या वस्तूचा इतिहास सांगितला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यानं पानांचे प्रकार सांगितले, आणि त्यात वडापासून अळूपर्यंत एकही पान सोडलं नाही. चौथ्या दिवशी तिसऱ्यानं दुसऱ्या दिवसाचं भाषण पुन्हा वाचून दाखवलं, काही राहून गेलं असेल तर असावं म्हणून. ओतारीण त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती टोपलीकडे बघत होती. निखारे राखेत पुरून ठेवायची, पाव मूठ कोळसा घालायची, हलकेच फुंकायची. तरी टोपलीचा तळ दिसू लागला होता. पाचव्या दिवशी कारभारी तिच्या शेजारून जाताना थांबला आणि टोपलीत डोकावून गेला. तेव्हा तिला सगळं कळून चुकलं. यांना खटला जिंकायचाच नव्हता. यांना फक्त कोळसा संपायची वाट बघायची होती.

सहाव्या दिवशी सकाळी टोपलीत शेवटचे तीन कोळसे उरले. आणखी एक वकील दोर वळण्याच्या पद्धतींवर बोलत होता. त्याचा घंटेशी काय संबंध, हे तो उद्या सांगणार होता.

ओतारणीनं तिन्ही कोळसे हातात घेतले. निखारा आता सुपारीएवढा उरला होता. फुंकताना हातातलं कडं तापतं आणि मनगट भाजतं, म्हणून घरी ती नेहमी कडं काढायची आणि जवळच्या घंटेवर अडकवून ठेवायची. सवयीचा हात, त्याला राजधानी काय आणि गाव काय. तिनं कडं काढलं आणि न बघताच चौरंगाच्या टोकाला असलेल्या पेढीच्या घंटेवर सोडलं.

कडं घंटेवरून घसरलं, काठ ओलांडून गेलं आणि चौरंगावर पडून गरगरत राहिलं.

ओतारणीची फुंकर अर्ध्यात थांबली. पन्नास वर्षांत ते कडं घंटेवरून कधी पडलं नव्हतं. तिनं ते उचललं आणि पुन्हा सोडलं. पुन्हा पडलं. शेजारच्या घंटेवर सोडलं, तिच्यावरूनही पडलं. मग तिनं धावत जाऊन आपल्या घंटेवर सोडलं. कडं काठावर येऊन चिकटून बसलं.

तिनं ते काढून मुठीत धरलं आणि ती न्यायासनाकडे वळली.

"सरकार," ती एकदम मोठ्यानं म्हणाली. "यांचं बोलणं थांबवा. मला पुरावा सापडला."

न्यायाधीशांना हे मात्र पहिल्या फटक्यात ऐकू गेलं. ते चटईवरून उठले आणि चौरंगापाशी आले. ओतारणीनं कडं पाचही घंटांवर सोडून दाखवलं. पहिल्या वर्षाच्या घंटेवरून ते जरा घासत उतरलं. दुसरीवरून सहज उतरलं. पाचव्या वर्षाच्या घंटेवरून तर असं सुटलं की वाटावं, आत घंटाच नाही.

"कडं घंटेभोवती ठेवलं की फट किती राहते, ते बघा सरकार. कुणाकडं मोहरी आहे का?"

गर्दीत बाजार करून थेट आलेली एक बाई होती. तिच्या ओच्यात मोहरीची पुडी होती. पुडी हातोहात पुढे आली. न्यायाधीशांनी स्वतः कडं एका अंगाला सरकवलं आणि दुसऱ्या अंगाच्या फटीत दाणे आडवे ओळीनं बसवले. पहिल्या वर्षाच्या घंटेला एक मोहरी बसली. दुसरीला दोन. तिसरीला तीन बसल्या तेव्हा मागचे लोक बाकांवर चढले. चौथीला चार. पाचवीला पाच.

"याचा अर्थ काय?" न्यायाधीश म्हणाले.

"कासं निवताना अंग चोरतं, सरकार. घंटेवरून वाळूत साचा घेतला आणि त्यात कासं ओतलं, तर निघणारी घंटा आधीच्या घंटेपेक्षा मोहरीएवढी लहान निघते. मोठी कधीच निघत नाही. यांची दरवर्षीची घंटा आदल्या वर्षीच्या घंटेवरून घेतलेली आहे. मग पहिल्या वर्षीची कुणावरून घेतली? तिच्यापेक्षा मोहरीभर मोठी अशी घंटा कुठंतरी असलीच पाहिजे. ती माझ्या आजीच्या कड्याच्या मापाची होती."

गर्दीत एकच कुजबुज उसळली. थोरल्या वकिलाच्या आवाजातलं तूप आटलं होतं, तरी तो उठला.

"महाराज, धातू अंग चोरतो ही या बाईंची कल्पना आहे. कायद्याच्या कुठल्याही पोथीत तसं लिहिलेलं नाही."

"मग भट्टीतच वाचू," न्यायाधीश म्हणाले. "पेढीचा ओतारी इथं हजर आहे ना? त्यानं आमच्या डोळ्यांसमोर पाचव्या घंटेवरून एक घंटा ओतावी. अंगणात भट्टी लावा."

पेढीचा ओतारी मागच्या रांगेत बसला होता. मधल्या वयाचा, खाली मान घालून बसणारा माणूस. पेढीच्या घंटा किती अचूक असतात, एवढं सांगायला त्याला आणलं होतं. तो उठून अंगणात आला. शिपायांनी विटा रचल्या, भाता आणला, पेढीच्याच वखारीतून गाडीभर कोळसा आला. आता विस्तव कुठून आणायचा, म्हणून शिपाई इकडे तिकडे बघू लागले.

न्यायाधीशांनी ओतारणीच्या मडक्याकडे बोट दाखवलं. "हा काय इथं आहे."

"हरकत आहे," वकील ओरडला. "टोपलीबाहेरचा कोळसा त्या विस्तवाला घालता येत नाही. तसा नियम आहे."

"वादीनं घालायचा नाही, असा नियम आहे," न्यायाधीश म्हणाले. "न्यायसभेनं घालायचा नाही, असा मला तरी आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर उद्या सांगा. आज भट्टी पेटू द्या."

सहा दिवस दबून बसलेली सभा खदखदून हसली. सुपारीएवढा निखारा भट्टीत पडला, भाता चालू झाला आणि बघता बघता जाळ कमरेएवढा उठला. ओतारणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि धुराला दोष दिला.

पेढीच्या ओताऱ्यानं पेटीत बारीक वाळू चाळून भरली, पाचवी घंटा दाबली, अलगद उचलली. त्याचा हात चांगला होता. ओतारणीला ते लगेच दिसलं आणि मनातून तिला थोडं वाईटही वाटलं. कासं वितळलं, हिरवट ज्वाळा उठल्या, लाल धार साच्यात उतरली. दुपारपर्यंत लोक जागचे हलले नाहीत. चणेफुटाणे विकणाऱ्यांची मात्र चांदी झाली.

घंटा निवली. ओताऱ्यानं वाळू झटकली, कडा घासून साफ केल्या. न्यायाधीशांनी कडं ठेवलं आणि मोहऱ्या बसवायला सुरुवात केली.

एक, दोन, तीन, चार, पाच. आणि सहावी.

असा गलका झाला की छपरावरची कबुतरं उडाली. कारभारी ताडकन उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ही या ओताऱ्याची चूक आहे, महाराज. अडाणी, निष्काळजी माणूस. याला काम येत नाही. याच्या हलगर्जीपणानंच आमच्या घंटा लहान होत गेल्या. पेढीचा यात काही दोष नाही. याला आजच कामावरून काढतो."

ओताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. पाच वर्षं तो गप्प होता. घरात खाणारी पाच तोंडं होती आणि पेढीशी वैर धरून राजधानीत कुणी टिकत नसे. कारभाऱ्यानं त्याला चोर म्हटलं असतं तरी कदाचित त्यानं ऐकून घेतलं असतं. पण हात वाईट आहे, हे त्याला सोसलं नाही.

"माझा हात बघा, सरकार," तो म्हणाला. "कड बघा. कुठं भोक आहे का, कुठं चीर आहे का? साचा जसा मिळाला तशी घंटा निघाली. तिनं अंग चोरलं तो धातूचा गुण आहे. कारभाऱ्यांना मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते म्हणाले, तुझं काम ओतायचं, विचार करायचं नाही."

"पहिल्या वर्षीची घंटा कशावरून घेतलीस?" न्यायाधीशांनी विचारलं.

ओताऱ्यानं ओतारणीकडे बघितलं.

"या बाईंच्या घंटेवरून. कारभाऱ्यांनी बाजारातून आणून दिली होती. तिच्यावर जोडपान होतं. काम झाल्यावर ती मला वितळवायला लावली. पुरावा उरता कामा नये, म्हणाले. ती असती तर दरवर्षी तिच्यावरूनच साचा घेतला असता आणि सगळ्या घंटा एका मापाच्या निघाल्या असत्या. ती नव्हती म्हणून आमच्याच घंटेवरून घेत गेलो." तो थोडा थांबला. "इतकी सुंदर घंटा मी पुन्हा बघितली नाही. वितळवताना मला रडू आलं होतं."

कारभारी मटकन खाली बसला. पुरावा नाहीसा करायला त्यानं जे केलं, त्यानंच पाच घंटांचा पुरावा तयार झाला होता. आणि तो चौरंगावर ओळीनं मांडून ठेवणारेही त्याचेच वकील होते.

निकाल द्यायला न्यायाधीशांना फार वेळ लागला नाही. पण त्याआधी त्यांनी एक केलं. ओतारणीची घंटा तळहातावर धरून वाजवली, मग पेढीची वाजवली. पहिली घंटा वाजायची थांबल्यावरही त्यांचा तळहात बराच वेळ गुणगुणत राहिला. दुसरी नुसती थरथरली आणि गप्प झाली.

"पहिल्या दिवशीच असं करून बघायला हवं होतं," ते ओतारणीला म्हणाले. "चूक माझीही झाली, बाई."

मग त्यांनी सोन्याची मोहोर उशीवरून उचलली आणि घणाखाली ठेवायला लावली. एका घावात तिचे दोन तुकडे झाले. जोडपानाची खूण ओतारणीच्या घराण्याची, असं साऱ्या राज्यात जाहीर झालं. पेढीनं प्रत्येक गावात माणसं धाडून खोट्या घंटा गोळा कराव्यात आणि त्यांचं सगळं कासं ओतारणीच्या दारात नेऊन टाकावं, असा हुकूम निघाला.

"आणखी काय हवं?" न्यायाधीशांनी विचारलं. "मागा."

"ह्या ओताऱ्याला पेढी आता ठेवायची नाही," ती म्हणाली. "आणि मला एकटीला हे एवढं काम उरकायचं नाही. त्याला मेणाचं काम शिकायचं असेल तर त्यानं माझ्याबरोबर यावं."

ओतारी पुढे आला आणि त्यानं निखाऱ्यांचं मडकं उचललं. म्हाताऱ्या गवळ्यानं रिकामी टोपली घेतली. तिघं गावाच्या वाटेला लागली तेव्हा वेशीपर्यंत लोक सोबत होते.

ते सगळं कासं पुन्हा ओतायला त्या दोघांना पुढे तीन वर्षं लागली. प्रत्येक गुराखी येऊन समोर बसायचा, डोळे मिटायचा आणि आपल्या कळपाचा नाद जमला की मान डोलवायचा. म्हातारा गवळी सगळ्यात आधी आला होता. मोरीच्या मागे राहिलेल्या वासराला त्यानं आपल्या हातानं घंटा बांधली. मोरी काही परत आली नाही, पण ते वासरू धुक्यात पुन्हा कधी चुकलं नाही.

सातखणी पेढीचे मजले पुढे एकेक करून ओस पडले. शेवटी तळमजल्यावर एक दुकान उरलं आणि त्यात म्हणे मोहरी विकायला असायची. खरंखोटं मला माहीत नाही, मी सांगोवांगी सांगतोय. पण त्या न्यायसभेत आजही चौरंगावर सहा घंटा ओळीनं मांडलेल्या आहेत, आणि दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून दावा करायला कुणी आला की शिपाई त्याला आधी त्या दाखवतो.

बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: दुसऱ्याचं उचलून जो आपलं म्हणतो, तो दर वेळी मोहरीएवढा लहान होत जातो, आणि मोजायची वेळ आली की ते लपत नाही.